देवरे सरांचं कपाट

देवरे सरांचा ट्यूबलाइटवर विश्वास नव्हता. आमच्या डिप्लोमा कॉलेजच्या रंगाईच्या लॅबमध्ये ते सहायक होते. मुलांनी रंगवलेला कापडाचा तुकडा दाखवायला आणला की तो हातात घेऊन ते आधी बाहेरच्या गॅलरीत जात. मान जराशी वाकडी करून, एक डोळा बारीक करून बघत आणि म्हणत, "आत हिरवट दिसत नव्हतं. इथं दिसतंय बघ." मुलांना त्याचं हसू येई. मला येत नसे, कारण माणसांकडंही ते तसंच बघत. ऑफिसात माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले की मला वाटे, हा माणूस आता माझी बाही धरून मला उजेडात नेणार.

मी त्या कॉलेजात विद्यार्थी विभागाचा कारकून आहे. बावीस वर्षं झाली. प्रवेश, मार्कशीट, बोनाफाईड, टीसी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. देवरे खरं तर 'सर' नव्हते. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये चौदा वर्षं रंगांच्या शेड जुळवून मग ते आमच्याकडं अकरा महिन्यांच्या करारावर आले. दर वर्षी करार नवा. पण मुलं सर म्हणायची म्हणून आम्हीही म्हणू लागलो. साठीकडं झुकलेला, अंगानं काटक माणूस. नखांच्या कडांना निळसर रेघ, ती कॉलेज सोडेपर्यंत गेली नाही. शर्टाच्या खिशात पेनापेक्षा कापडाचे कातरलेले तुकडे जास्त.

ते खानदेशातले, अमळनेरकडचे. मीही तिकडचाच, शिरपूर तालुक्यातला. ऑफिसात सगळे गुजराती बोलायचे, आम्ही दोघं मराठी, आणि कुणी जवळ नसलं की अहिराणी. त्यावरून आमची दोस्ती होती असं लोकांना वाटे. दोस्ती नव्हती. मला त्यांचा संशय यायचा.

संशयाला कारण होतं. हा लॅबमधला सहायक प्रवेशाच्या भानगडीत का पडतो, हे मला कळत नव्हतं. आमच्याकडं येणारी पोरं बहुतेक मिलमधल्या कामगारांची. दहावी झाली की डिप्लोमा, तीन वर्षांनी कुठल्या तरी मिलमध्ये चिकटायचं, एवढंच पूर्वी ठरलेलं असायचं. मग हळूहळू 'डी टू डी' हा शब्द पोरांच्या तोंडी आला. डिप्लोमा संपवून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसायचं. बारावी नको, त्या महागड्या क्लासेसच्या पायऱ्या नकोत. मी लागलो तेव्हा वर्गातले दोघं-तिघं अर्ज करायचे, पुढं निम्मा वर्ग करू लागला. त्यातल्या अर्ध्यांना देवरे सरांनीच उठवून बसवलेलं असायचं.

"तुम्हाला काय मिळतं हो यातून?" मी एकदा हसत हसत विचारलं.

ते म्हणाले, "सोनवणे, मिलमध्ये शेड मी जुळवायचो आणि लॉटवर सही करायला वरून एक डिग्रीवाला यायचा. चोवीस-पंचवीसचं पोरगं. त्याच्याकडं पेनसुद्धा नसायचं. माझंच घ्यायचा."

"मग?"

"मग काय. परत द्यायचा. चांगला होता पोरगा."

एवढ्यावर विषय संपवून ते निघून गेले. मला ते उत्तर वाटलंच नाही. वाटलं, टाळलं.

आता एजंटांबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा संशय वेड्यासारखा वाटेल. डिग्रीकडं जाणारी पोरं वाढली तशी त्यांच्यामागं फिरणारी माणसंही वाढली. ज्या खाजगी कॉलेजांत जागा रिकाम्या राहतात, त्यांची ही माणसं. पोराला गाठायचं, 'फॉर्म आम्ही भरतो' म्हणायचं, आणि त्याच्या मूळ मार्कशीट, दाखले ताब्यात घ्यायचे. मूळ कागद हातात नसले की पोराला नंतर सरकारी कॉलेजात नंबर लागला तरी तिथं उभं करत नाहीत. मग झक मारत एजंट म्हणेल तिथं जायचं. म्हणून आमच्या लाइनमध्ये एक साधी खूण आहे. जो मूळ कागद गोळा करतो, तो एजंट.

आणि देवरे सर मूळ कागद गोळा करत.

लॅबच्या मागच्या खोलीत रसायनांचं एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात ते ठेवत. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की मुलं एकेक करून मागच्या खोलीत जायची आणि रिकाम्या हातानं बाहेर यायची. पावती नाही, नोंद नाही. एकदा मी सहज म्हणून आत डोकावलो. कप्प्यात गठ्ठे होते, प्रत्येक गठ्ठा रंगवलेल्या कापडात बांधलेला. एक फिरोजी, एक विटकरी, एक मोरपंखी. एकाही गठ्ठ्यावर नाव नव्हतं.

"नावं नाही घातली, सर?"

"नाव घातलं की कुणालाही सापडतं," ते म्हणाले. "ज्यानं जो रंग काढला, त्यात त्याचे कागद. मला पाठ आहेत."

तुम्हीच सांगा, याचा अर्थ मी काय काढायला हवा होता?

एका रविवारी मी त्यांच्यासोबत वैशालीच्या घरी गेलो होतो. त्यांनी बोलावलं नव्हतं. पांडेसऱ्याच्या भाजी बाजारात भेटले, "इथंच एकीकडं जायचंय" म्हणाले, आणि बघू तरी म्हणून मी मागोमाग गेलो. वैशाली वर्गात पहिली. बाप कापड रंगवायच्या जेट मशीनवर बारा-बारा तासांच्या पाळीत, आई साड्यांना टिकल्या लावायची. दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसं. वैशालीच्या आईनं आम्हाला पलंगावर बसवलं आणि स्वतः साडीचा ढीग बाजूला सारून खाली बसली. वैशाली ओट्यापाशी चहा करत होती.

सर तिच्या आईशी अहिराणीत बोलले. "बाई, गावले कधी जातस?"

"अखाजीले. मंग लगीन शेतस दोन, नणंदना घरनं. जून लागी येसूत." अखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया.

"कागदं कोठे ठेवतस?"

"पेटीमा. पेटी संगे लई जातस ना. आठे खोलीले कुलूप, कोन भरोसा?" मग ती जरा हसली. "गावले देवना पुढे ठेवतस. तिनी आजी कोनले हात लावू देत नही."

सर म्हणाले, "या साले मनाकडे ठेवा." म्हणजे या वर्षी कागद त्यांच्याकडं ठेवायचे.

बाईचं हसू गेलं. ते मी नीट पाहिलं. तिनं वैशालीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुम्ही ऑफिसवाला ना, भाऊ? ठेवू का?"

मी खांदे उडवले. "सर म्हणतात तर ठेवा." मनात म्हटलं, माझ्या समोर बोलायचीसुद्धा लाज नाही याला.

चहा देताना वैशाली आईला म्हणाली, "मम्मी, दे ना. माझेच आहेत." मग हळूच, "आणि बापूंना सांगू नको लगेच. ते म्हणतील, कागद गेले म्हणजे पोरगी पण चालली." ती आमच्याशी मराठी बोलत होती, भावाशी गुजराती. सरांशी बोलताना तिचा सूर बरोबरीचा असायचा, तेही मला खटकायचं. फिरोजी कापडाचा गठ्ठा तिचाच, हे मला नंतर कळलं.

येताना मी विचारलं, "गावी नेले तर काय बिघडतं? परत येतीलच की."

सर म्हणाले, "आजी मेली तर सुतक. काका शेतात गेला, पेटीची किल्ली त्याच्या कमरेला. कुणाचं लग्न लांबलं. नंबर लागल्यावर तीन दिवस मिळतात, सोनवणे. मी आजवर चार पोरं अशी घालवली आहेत. एकाचे कागद तर देव्हाऱ्यातून काढायला गुरुवारपर्यंत थांबले होते."

हे त्यांनी मला सांगितलं होतं. स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं. ते मी पुढं कुणालाही सांगितलं नाही, हे आज लिहून ठेवतो.

आता माझं. एजंटांपैकी एक जण दर मे महिन्यात माझ्याकडं यायचा. गुळगुळीत दाढी, हातात नेहमी काहीतरी खायचं. त्याला शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोन नंबर हवे असायचे, आणि मी ते देत असे. चार-पाच वर्षं देत होतो. त्याबदल्यात काय, तर दिवाळीला मिठाई, एकदा मनगटी घड्याळ, आणि माझ्या भाच्याला एका शोरूममध्ये चिकटवून दिलं होतं. नंबरांनी कुणाचं काय जातं, असं मी म्हणायचो. त्या वर्षी तो आला आणि म्हणाला, "सोनवणेभाई, यादीतल्या अर्ध्या पोरांचे कागद आधीच उचलले गेलेत. तुमचा तो लॅबवाला दुसऱ्या पार्टीचा माणूस आहे. सांभाळा. उद्या भांडं फुटलं तर तो तुमचं नाव पुढं करील."

मला ते लगेच पटलं. दुसऱ्याचं खोटं इतकं चटकन पटतं तेव्हा आपल्या घरात काहीतरी असतं, हे कळायला मला फार वेळ लागला.

जूनच्या अखेरीस मी प्रिन्सिपलसाहेबांकडं गेलो. म्हणालो, माझं नाव येऊ देऊ नका, पण लॅबचं मागचं कपाट एकदा बघा. साहेब ट्रस्टींच्या नात्यातले, कॉलेजच्या नावाला फार जपणारे. त्याच दुपारी ते, मी आणि शिपाई असे मागच्या खोलीत गेलो. अकरा गठ्ठे निघाले.

"आ शुं छे?" साहेबांनी विचारलं.

देवरे सरांनी सगळं सांगितलं, अखाजी, पेट्या, तीन दिवस. गुजरातीत सांगताना ते अडखळत होते आणि त्यामुळं खरंही बनवलेलं वाटत होतं. साहेब म्हणाले, "पावती नथी? रजिस्टर पण नथी?" सर म्हणाले, नाही. मग एकदम म्हणाले, "साहेब, एजंटांना पोरांचे नंबर ऑफिसातून कोण देतं, तेही एकदा बघा." ते माझ्याकडं पाहून बोलले नाहीत. मी खाली वाकून गठ्ठे पुन्हा मोजू लागलो.

साहेबांनी गठ्ठे आपल्या केबिनमधल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. ट्रस्टी आले की त्यांच्यासमोर उघडू, म्हणाले. ट्रस्टी बाहेरगावी होते. दुसऱ्या दिवशी साहेबही सहकुटुंब श्रीनाथजींच्या दर्शनाला गेले. जाताना कपाटाची चावी माझ्याकडं दिली. "काही अडचण आली तर मला फोन करून उघडा," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पहिली यादी लागली. अकरापैकी एकटीचाच नंबर त्यात होता. वैशाली, सुरतेतच, सरकारी कॉलेज, तिला हवी होती तीच शाखा. घरून बसनं जाऊन येण्यासारखं.

त्या तीन दिवसांतल्या पहिल्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले. "सोनवणे, चावी कुणाकडं आहे?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही. साहेबांकडं असेल."

"साहेब फोन उचलत नाहीत."

"दर्शनाच्या रांगेत असतील."

दुसऱ्या दिवशी ते वैशाली आणि तिच्या आईला घेऊन आले. आई गावाहून लांबलेलं लग्न अर्ध्यावर टाकून आली होती. ती मला म्हणाली, "भाऊ, तुम्हीच तं सांगतलं व्हतं ना, ठेवा म्हनीसन." मी कॉम्प्युटरकडं बघत राहिलो. वैशाली बाकावर बसली आणि दुपारपर्यंत बसून राहिली. जेवायची सुट्टी झाली तेव्हा मी डबा घेऊन मागच्या दारानं बाहेर गेलो.

तिसऱ्या दिवशी प्रवेशाच्या केंद्रावर सर तिला घेऊन नुसत्या झेरॉक्स घेऊन गेले. तिथल्या माणसानं परत पाठवलं. त्याचं काही चुकलं नाही.

मी फोन करू शकलो असतो. चावी माझ्याकडंच होती. मी ते का केलं नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. गठ्ठे सुटले असते तर देवरे खरे ठरले असते, आणि देवरे खरे ठरले असते तर पुढचा प्रश्न मी दिलेल्या फोन नंबरांचा आला असता. एका पोरीचं कॉलेज आणि माझी खुर्ची, एवढंच त्या तीन दिवसांत तराजूत होतं. माझं ते दुसऱ्याच दिवशी मोजून झालं होतं.

आठवड्यानं ट्रस्टी आले. गठ्ठे उघडले. एकही कागद कमी नव्हता, एकाही एजंटची चिठ्ठी नव्हती. सगळे ज्याचे त्याला दिले. बाकी दहा जणांचे नंबर पुढच्या याद्यांत लागले, त्यांना कागद वेळेवर मिळाले. वैशालीला पुढच्या यादीत कच्छकडचं एक खाजगी कॉलेज मिळालं. बापानं साफ नाही म्हटलं. सरांचा अकरा महिन्यांचा करार त्या वर्षी नवा झाला नाही. कारण लिहिलं होतं, 'नियमबाह्य रीतीने मूळ कागदपत्रे बाळगणे.' तो कागद टाइप मीच केला.

जाण्याआधीचे दोन महिने ते माझ्याशी नेहमीसारखे वागले. उलट जास्त वेळा टेबलाशी यायचे. "या पोराची टीसी आज निघेल का? हिच्या वडिलांचं नाव नीट बघा हं, 'दगा' आहे, 'दत्ता' नाही." मी झटपट काढून देत होतो. मला वाटलं, त्यांना काही कळलं नाही. नंतर वाटायला लागलं, कळलं आणि त्यांनी मला माफ केलं. वर्षानुवर्षं मी त्या माफीवर टेकून बसलो होतो. फोन नंबर देणं मात्र मी त्या वर्षीच बंद केलं. एजंटला सांगितलं, यादी आता मला दिसत नाही. तो पुन्हा आला नाही.

दुसऱ्या वर्षी मी रजेवर असताना वैशालीची आई येऊन तिची टीसी घेऊन गेली. परतल्यावर मी रजिस्टर उघडलं. टीसी कशासाठी, तो एक रकाना असतो. त्यात 'पुढील शिक्षणासाठी' असं लिहिलं होतं. पण ते आम्ही सगळ्यांचंच लिहितो. लग्न ठरलेल्या पोरीचंही.

गेल्या महिन्यात सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात सर दिसले. मी एका कापडवाल्याकडं कामानिमित्त गेलो होतो. चौकात शेअर रिक्षा लागतात तिथं ते उभे होते, केस पूर्ण पांढरे. कोसाडच्या वसाहतीत राहतात आता. कुणाकुणाच्या पोरांचे फॉर्म भरायला बसतात, असं मी ऐकून होतो. मला ओळखून त्यांनी मान हलवली. मी थेटच बोललो, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

"सर, तेव्हा कपाटाची चावी माझ्याकडं होती."

"ड्रॉवरमध्ये," ते म्हणाले. "मी विचारलं तेव्हा तुम्ही ड्रॉवरवर हात ठेवलात."

समोरून दोन टेम्पो गेले. मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"दहा पोरांच्या टीसी तुमच्या हातून निघायच्या होत्या, सोनवणे. मी बोललो असतो आणि तुम्ही एखाद्याच्या नावात एक मात्रा इकडची तिकडं केली असती तर? परत नवा अर्ज, परत आठ दिवस. म्हणून रोज येत होतो. तुम्ही काय लिहिता ते बघायला."

"मी तसं केलं नसतं."

त्यांनी रिक्षांच्या रांगेकडं पाहिलं. रागावलेले दिसत नव्हते. खरं तर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"वैशालीचं काय झालं, सर? पुढं गेली का ती?"

त्यांनी जरा विचार केला. सांगावं की नाही, असा नाही. कसं सांगावं, असा. मग शांतपणे म्हणाले, "ते तुम्हाला नाही सांगायचं."

अमरोलीकडची रिक्षा आली. ते मागच्या बाजूला कडेला बसले. दोन बायका आल्या, ते आत सरकले. पिशव्या घेतलेला एक म्हातारा आला, ते आणखी सरकले, एक पाय दुमडून घेतला आणि म्हाताऱ्याची एक पिशवी मांडीवर घेतली. रिक्षावाला अजून एका माणसासाठी हाका मारत थांबला होता. मी चार पावलांवर उभा होतो. जागा होती, आणि मलाही त्याच बाजूला जायचं होतं. सर समोर बघत राहिले. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "चालो भाई, भराई गई."